टाकीची चीर कशी जोडावी: पट्टी सख्खी हवी

गच्चीवरच्या काळ्या टाकीला चीर गेली की लोक काय काय करतात ते मला आता पाठ झालंय. आधी झटपट चिकटणारा गोंद. तो निघाला की दोन रंगांची, मळून लावायची लांबी. ती पापुद्र्यासारखी सुटली की वरून डांबराची पट्टी. मग प्लंबर म्हणतो, "ताई, नवीनच घ्या." चीर वीतभर, टाकी हजार लिटरची, आणि बाकी सगळी टाकी धडधाकट.

गेली बारा वर्षं मी टाक्या, ड्रम, पाण्याचे कॅन, मोटरवरचे पाइप तापवून डाग देऊन जोडते आहे. तेव्हा एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे गोंदाचे पैसे वाचतील: या प्लॅस्टिकला नेहमीचा कुठलाही गोंद धरत नाही. गोंद महागाचा घेतला तरी नाही.

कारण त्याच्या जन्मात आहे. ही टाकी पॉलिथिलीनची, आणि पॉलिथिलीन होतं इथिलीनपासून. अल्कीनांच्या, म्हणजे दुहेरी बंध असलेल्या कार्बन-हायड्रोजनच्या रेणूंच्या, घरातलं हे सगळ्यात धाकटं पोर: दोन कार्बन, चार हायड्रोजन, आणि दोन कार्बनांमध्ये दुहेरी बंध. शाळेत ब्रोमीनच्या पाण्याचा रंग घालवून दाखवतात तो वायू हाच. त्याची सगळी चळवळ त्या दुहेरी बंधात. कारखान्यात तो बंध उघडतात, एक रेणू दुसऱ्याचा हात धरतो, दुसरा तिसऱ्याचा, आणि हजारो कार्बनांची साखळी होते. आपल्या रायगडात नागोठण्याला हेच चालतं. पण साखळी झाली की दुहेरी बंध खर्ची पडलेला असतो. उरतं ते मेण, फक्त फार लांब साखळीचं. मेणबत्तीवर गोंद धरत नाही, तसाच टाकीवरही धरत नाही; त्याला पकडायला तिथे काही नसतंच. प्लॅस्टिकच्या पिशवीवर नाव छापायचं असलं तरी आधी तिच्यावर विजेचा झोत सोडून पृष्ठभाग बदलावा लागतो, तेव्हा कुठे शाई बसते.

म्हणून चिकटवायचं नाही. वितळवायचं. दोन्हीकडच्या साखळ्या पातळ होऊन एकमेकींत गुंतल्या पाहिजेत आणि तशाच गार झाल्या पाहिजेत.

टाकी रिकामी करा, पुसा, पूर्ण वाळू द्या. डिझेल, पेट्रोल, थिनर किंवा फवारणीचं औषध ठेवलेल्या ड्रमला डाग देऊ नका. आतली वाफ पेटते. टाकीच्या आत उतरून डाग देऊ नका. हे दोन नियम मी कुणाच्याही आग्रहाला मोडत नाही.

पट्टी कुठली घ्यायची

माझी पहिली टाकी गोठ्यातली होती. चिरेत वितळवून भरायला पट्टी हवी म्हणून मोडक्या खुर्चीचा पाय उभा चिरला. खुर्ची प्लॅस्टिकची, टाकी प्लॅस्टिकची, दोन्ही वितळतात, मग अडतंय कुठे? डाग असा सुरेख बसला की मी शेजारणीला बोलावून दाखवला. नवव्या दिवशी पहाटे गोठ्यात चिखल. पट्टी अख्खीच्या अख्खी सुटून लोंबत होती, दुधावरची साय उचलावी तशी, आणि खालची टाकी गुळगुळीत.

खुर्ची पॉलिप्रोपिलीनची होती. तेही अल्कीनचंच, प्रोपिलीनचं; पण त्याच्या साखळीत एकाआड एक कार्बनावर मिथिलचं, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजनचं, एक बोंड लोंबत असतं. इटलीत ज्युलिओ नात्ता यांनी 1954 साली ही सगळी बोंडं एकाच बाजूला ठेवून साखळी बनवून दाखवली. ती कशीही पडली तर नुसता चिकट गोळा होतो. एका बाजूला आली तर खुर्ची होते. ज्या उत्प्रेरकामुळे हे जमलं तो जर्मनीतल्या कार्ल त्सीग्लर यांचा, आणि 1963 चं रसायनशास्त्राचं नोबेल दोघांना मिळून. एवढ्या एका बोंडाने पॉलिप्रोपिलीनची साखळी सरळ न राहता मळसूत्रासारखी पिळते, वितळायला साधारण 160 ते 165 अंश लागतात, आणि पॉलिथिलीनमध्ये ती मिसळत नाही. टाकीचं पॉलिथिलीन 125 अंशांच्या आसपास वितळतं. दोन्ही पातळ करून एकावर एक ठेवले तरी गार होताना ज्याचं त्याचं घर वेगळं होतं. नात्याने चुलत भावंडं आहेत, पण डागाला सख्खंच लागतं.

इंटरनेटवर या बाबतीत जो सल्ला मिळतो त्यातला निम्मा वाईट आहे. "जाळून वास घ्या" हा त्यातला सगळ्यात लाडका. पॉलिथिलीन विझवलेल्या मेणबत्तीसारखं वासतं, पॉलिप्रोपिलीन जरा गोडसर, असं लिहिलेलं असतं. बारा वर्षांत माझ्या नाकाला हा फरक एकदाही खात्रीने कळलेला नाही. दोन्ही निळ्या बुडाच्या ज्योतीने जळतात, दोन्ही थेंब गाळतात. जाळून फक्त नको ते बाजूला काढता येतं: काळा भुरका धूर सोडणारं पॉलिस्टायरीन, आणि पीव्हीसी. पीव्हीसीसाठी तांब्याची तार लाल तापवून प्लॅस्टिकला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे. ते कधीच तापवू नका, त्यातून निघणारा आम्लाचा धूर घसा जाळतो. हा प्रयोग उघड्यावर, चिमट्यात नखाएवढा तुकडा धरून, खाली पाण्याचं भांडं ठेवून.

त्रिकोणातला आकडा असला तर बघा. 2 म्हणजे घट्ट पॉलिथिलीन, 4 म्हणजे हलकं, 5 म्हणजे पॉलिप्रोपिलीन. पण जुन्या टाकीवर तो बहुधा पुसलेला असतो आणि तुटक्या तुकड्यावर कधीच नसतो.

मी करते तो प्रयोग तेलाचा. पाण्यात दोघंही तरंगतात, म्हणून पाणी उपयोगाचं नाही. वाटीत सूर्यफुलाचं तेल घ्या. त्याची घनता 0.91 ते 0.92. पॉलिप्रोपिलीन 0.90 च्या जवळ, ते तेलावर येतं. टाकीचं पॉलिथिलीन 0.93 च्या पुढे, ते बुडतं. सरळ साखळ्या एकमेकींना लागून दाटीने बसतात, बोंडं असलेल्या पिळलेल्या साखळ्यांना जागा जास्त लागते. एवढाच तो हिशेब. फरक बारीक आहे, म्हणून तुकडा छोटा आणि स्वच्छ कापा, बोटांनी तेलात नीट चोळा आणि मग तळाशी ढकलून सोडा. कडेला हवेचा एक बुडबुडा चिकटला तरी बुडणारा तुकडा वर येतो आणि तुम्हाला फसवतो. मी दोनदा फसले आहे. दोन मिनिटं थांबा, घाई करू नका. खोबरेल वापरू नका, थंडीत ते अर्धवट गोठतं.

एक फट या प्रयोगातही आहे. स्वस्त खुर्च्यांच्या पॉलिप्रोपिलीनमध्ये खडूची किंवा शंखजिऱ्याची पूड मिसळलेली असते, आणि असा तुकडा तेलात बुडतो, पूड जास्त असली तर पाण्यातही. पाण्यात बुडाला तर तो सरळ फेकून द्या.

सगळ्यात चांगली पट्टी मात्र विकत मिळत नाही. टाकीला नळ जोडताना प्लंबर गोल भोक पाडतो आणि त्यातून निघालेली चकती गच्चीवरून भिरकावून देतो. ती त्याच टाकीची, त्याच रंगाची, त्याच मिश्रणाची. उचलून ठेवा. नसेल तर टाकीच्या झाकणाची कड तपासून घ्या. बहुतेक वेळा तीही पॉलिथिलीनचीच निघते. आणि टाकी पिण्याच्या पाण्याची असेल तर औषधाच्या कॅनची पट्टी वापरू नका, मग तेलात ती कितीही झोकात बुडो.

शेवटची परीक्षा: पट्टीचा तुकडा टाकीच्या बिनकामाच्या कडेला डागा, पंधरा मिनिटं गार होऊ द्या, पकडीने ओढा. तुकडा तुटला तर पट्टी सख्खी. सायीसारखा सुटला तर पुन्हा शोधा.

चीर तयार करणं

चिरेच्या दोन्ही टोकांना, डोळ्यांना दिसते त्याच्या बोटभर पुढे, 4 मिमीचं भोक पाडा. टोकदार चीर पुढे धावते, गोल भोक तिला थांबवतं. मग पात्याने चिरेवर व्ही आकाराची खाच काढा, जाडीच्या दोन तृतीयांश खोल, आणि दोन्ही बाजूंना बोटभर वरची कातडी खरवडा. उन्हाने आणि हवेने जुनी झालेली ही कातडी वितळते पण धरत नाही. पॉलिश पेपरने नुसतं घासून भागत नाही. खरवडलं की त्याच दिवशी डाग द्या.

डाग

सोल्डरिंग आयर्न सपाट टोकाचं, 60 वॉटचं, शक्यतो तापमान बदलता येणारं. 270 अंशांच्या आसपास ठेवा. धूर निघाला म्हणजे साखळ्या तुटताहेत. मग जे उरतं ते ठिसूळ. साध्या आयर्नला ताप कमी करता येत नाही, तर मध्ये मध्ये ते ओल्या फडक्यावर टेकवा.

आधी टाकी, मग पट्टी. नवशिके पट्टी वितळवून खाचेत ओततात. ते मेणबत्तीचं मेण फरशीवर सांडण्यासारखं, नखाने निघतं. खाचेच्या भिंतीवर आयर्न फिरवत राहा. काळी मळकट कड ओलसर चकाकायला लागली की तिथेच पट्टीचं टोक दाबा आणि दोन्ही मिळून कालवा. चकाकी येण्याआधी पट्टी नको. आधी दर चार बोटांवर एक टाका घाला, मग टाक्यांमधली जागा भरा. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला सलग जाऊ नका. पॉलिथिलीन गार होताना चांगलंच आकसतं आणि टाकीची भिंत ओढून वाकडी करतं. खाच भरली की वरून अर्ध्या बोटाचा उंचवटा राहू द्या. तो घासून सपाट करायचा मोह आवरा, दिसायला बरं नाही हे मलाही कळतं.

पाणी ओतून गार करू नका. सावलीत, आपोआप.

हे पॉलिथिलीन आपल्याला मिळालं तेही गळतीमुळेच. इंग्लंडमध्ये विनिंग्टनला 1933 साली एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन यांच्या उच्च दाबाच्या भांड्यात एक पांढरं मेणचट काहीतरी सापडलं, पण ते पुन्हा जमेना. डिसेंबर 1935 मध्ये भांड्याचा सांधा गळला, दाब पडला म्हणून नवीन इथिलीन भरलं, आणि त्यातल्या किंचित ऑक्सिजनने साखळीला चालना दिली. तेव्हा कळलं की आधीही हीच गोष्ट घडली असणार. चीर बुजवायला बसले की मला हे हमखास आठवतं.

दुसऱ्या दिवशी अर्धी टाकी भरा, रात्र जाऊ द्या, मग पूर्ण भरा. पाझर दिसला तर तेवढीच जागा पुन्हा खरवडून डागा.

टाकीवर हात फिरवल्यावर राखेसारखी पूड येत असेल आणि बारीक भेगांचं जाळं दिसत असेल, तर राहू द्या. आभाळच फाटलंय तिथे, ठिगळ कुठे लावणार. प्लॅस्टिकमध्ये मिसळलेल्या काजळीने टाकीला उन्हापासून वर्षानुवर्षं सांभाळलेलं असतं, पण तिचीही मुदत असते.

आणि चीर तळाला असेल तर डाग देण्याआधी टाकीखाली बघा. दहातल्या आठ वेळा तिथे एक वीट वर आलेली असते किंवा मधोमध पोकळी असते, आणि टनभर पाणी त्या एका कडेवर तोललेलं असतं. टाकी हलवा, खालचा ओटा सपाट करून घ्या, पूर्ण बूड टेकेल असा. नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात नवी चीर माझ्या डागाच्या अगदी शेजारून जाईल, आणि दोष डागाला लागेल.