आकडा विद्यापीठाचा नको, विभागाचा बघा

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस कॅम्पसला, म्हणजे यूसीएलएला, पदवीच्या पहिल्या वर्षासाठी दरवर्षी लाखाच्या वर अर्ज येतात आणि शंभरातल्या दहाजणांनाही प्रवेश मिळत नाही. हा आकडा वाचून एमएसला, म्हणजे पदव्युत्तर पदवीला, अर्ज करणारेसुद्धा हबकतात. त्यांचा या आकड्याशी काहीच संबंध नाही! एमएस-पीएचडीचे अर्ज त्या त्या विभागातले प्राध्यापक वाचतात. पीएचडीला तर मार्गदर्शकाकडे त्या वर्षी निधी आहे का, यावर बरंच अवलंबून असतं. मी इथेच पीएचडी करते आणि ज्युनिअर्सचे अर्ज वाचून देते, म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला: कुठला विभाग, कुठली पदवी?

पदवीलाही विषय बघावाच लागतो. याच विद्यापीठाच्या बर्कले कॅम्पसमध्ये 2023 पासून कम्प्युटर सायन्स हवं असेल तर अर्जातच तसं सांगावं लागतं. आधी दुसऱ्या विषयात शिरायचं आणि मग बदलून घ्यायचं, ही वाट फार अरुंद झाली आहे. कुणी सीनिअर ‘मी तसंच केलं’ म्हणाला तर त्याच्या प्रवेशाचं साल विचारा.

शिवाय कॅलिफोर्निया विद्यापीठ हे राज्याचं विद्यापीठ आहे, आधी कॅलिफोर्नियातली मुलं. बाहेरच्यांचं प्रमाण बहुतेक कॅम्पसवर 18 टक्क्यांच्या आत ठेवायचं, असं 2017 मध्ये ठरलं. त्यात अमेरिकेतल्या इतर राज्यांची मुलंही आली. मला हे रास्त वाटतं, पण कुठे अर्ज करायचा याची यादी करताना ते धरून चला.

पदवीच्या प्रवेशासाठी एसएटी या प्रवेश परीक्षेचे गुण बघतच नाहीत. त्यामुळे वजन पडतं ते शाळेतल्या गुणांवर, घेतलेल्या विषयांवर आणि अर्जातल्या प्रश्नांच्या लेखी उत्तरांवर. आठपैकी चार प्रश्न, प्रत्येकी जास्तीत जास्त 350 शब्द. एका मुलीच्या उत्तरात पहिला अख्खा परिच्छेद नेतृत्वाचं महत्त्व सांगण्यात गेला होता. शेवटून दुसऱ्या ओळीत मात्र होतं, की रोबोटिक्स क्लबमधले सुटे भाग सारखे हरवायचे म्हणून तिने नोंदवही सुरू केली आणि नवीन मुलांना ती भरायला शिकवलं. मी वरचं सगळं खोडलं आणि तिला या वहीपासून सुरुवात करायला सांगितली. वाचणाऱ्याला तिथे ती मुलगी दिसते.

गुण गुणपत्रिकेवर आहेत तसेच भरा. स्वतः जीपीएत, म्हणजे अमेरिकी पद्धतीच्या सरासरी श्रेणीत, बदलू नका, तसं अर्जातच बजावलेलं असतं.