एचआयव्हीबाधित मुलांसाठी निधी जमवताय? या चुका टाळा

१ डिसेंबरचा जागतिक एड्स दिन जवळ आला की कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेची आणि रेड रिबन क्लबची (एड्सविषयी जागृती करणाऱ्या विद्यार्थी गटाची) मुले भित्तिपत्रकाचा मसुदा घेऊन माझ्याकडे येतात. त्यांतल्या निम्म्याहून अधिक मसुद्यांवर एकच वाक्य असते: ‘तुमच्या शंभर रुपयांतून एका बाळाला औषध मिळेल.’ हे वाक्य मी बारा वर्षे खोडत आलो आहे. एचआयव्हीला आटोक्यात ठेवणारी एआरटी औषधे सरकारी केंद्रांत २००४ पासून मोफत मिळतात, मुलांसाठीचा स्वतंत्र कार्यक्रम २००६ मध्ये सुरू झाला, आणि मुंबईत जे. जे., केईएम, नायर, शीव या रुग्णालयांत ही केंद्रे आहेत. जे फुकट मिळते त्यासाठी पैसे मागितले, तर माहीतगार देणगीदार दुसऱ्यांदा दारात उभे करत नाही, आणि त्याचे चुकते असे मला वाटत नाही. पैसा लागतो तो इतर गोष्टींना. नातवाला घेऊन अंबरनाथहून शीवला येणाऱ्या आजीचा त्या दिवशी धुण्याभांड्याच्या कामावर खाडा पडतो, गाडीभाडे जाते, शाळेची फी थकते, आणि घरात अंडी-दूध नसले तर अशक्त मुलाचे वजन वाढत नाही. म्हणून भित्तिपत्रकाचा कागद हातात घेण्याआधी मी या विद्यार्थ्यांना, ज्या संस्थेसाठी निधी जमवायचा तिच्या समाजसेविकेसमोर तासभर बसवतो आणि या खर्चांचे आकडे त्यांच्या वहीत उतरवून घ्यायला लावतो. हा तास वाचवू पाहणाऱ्यांना मी पुढच्या कामात घेत नाही.

दुसरी चूक फोटोची, आणि तिच्याबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे. काही वर्षांपूर्वी एका गटाने सहावीतल्या एका मुलीचा फोटो भित्तिपत्रकावर छापला. डोळ्यांवर काळी पट्टी होती, नाव बदललेले होते, मामीची संमती होती, आणि एवढी काळजी पुरेशी आहे असे तेव्हा मलाही वाटले. पट्टीखालच्या शाळेच्या टायवरचे पिवळे पट्टे मात्र स्वच्छ दिसत होते, आणि मागे चाळीच्या गॅलरीत निळ्या पिंपात लावलेली तुळस होती. भित्तिपत्रकाचा फोटो कोणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि तो फिरत फिरत त्याच चाळीत पोहोचला. तिसऱ्या दिवशी मामीचा मला फोन आला. सार्वजनिक नळावर तिने रांगेत लावलेली बादली कोणीतरी उचलून जिन्याखाली नेऊन ठेवली होती आणि कोणी तिच्याशी बोलत नव्हते. महिन्याभरात त्यांनी खोली सोडली, मुलीची शाळा वर्षाच्या मध्यात बदलली, आणि आम्ही जमवलेल्या रकमेतला पहिला खर्च त्यांच्या नालासोपाऱ्यातल्या नव्या खोलीच्या डिपॉझिटचा झाला.

एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला आणि सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार कोणाच्याही एचआयव्ही स्थितीची माहिती त्याच्या संमतीवाचून उघड करता येत नाही. माझा नियम मात्र कायद्याच्या पुढे जातो: पालकाने सही दिली तरी मुलाचा फोटो घ्यायचा नाही, पाठमोराही नाही, कारण सही करणाऱ्याला तो फोटो कुठवर जाईल याची कल्पना नसते. मूल मोठे झाल्यावर ती सही मागेही घेता येत नाही. जेवणाचा डबा, औषधाची बाटली, दप्तर यांची चित्रे काढा, ती पुरतात. कॉलेज महोत्सवाच्या मंचावर या बाधित मुलांना आणून बसवण्याचा विचार तर मनातही आणू नका.

पैशांच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. मित्राच्या वैयक्तिक खात्याचा क्यूआर कोड लावू नका. रक्कम थेट नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात जाऊ द्या. आपला गट नोंदणीकृत नसेल आणि लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल, तर गणेशोत्सव मंडळे घेतात तशी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खालची परवानगी धर्मादाय आयुक्तांकडून घ्या. आयकरातील ८०जीची सवलत दोन हजार रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीला मिळत नाही, हे देणगीदाराला आधीच सांगा. पावतीपुस्तकांवर अनुक्रमांक हवेत, आणि देणगीचा डबा दोघांनी मिळून उघडावा. लोकलच्या डब्यात डबे घेऊन फिरू नका.

पथनाट्यात एड्सला यमदूत करण्याची सवय अजून गेलेली नाही. अशा नाटकाने बघणारा घाबरतो, आणि घाबरलेला माणूस त्या मुलाच्या शेजारी आपल्या मुलाला बसू देत नाही. त्याऐवजी लोकांना हे सांगा: काहीच उपचार झाले नाहीत तर आईकडून बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते, आणि आईला वेळेवर औषधे व बाळाला प्रतिबंधक औषध मिळाले तर ती ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. बाळाची पहिली तपासणी सहाव्या आठवड्यात होते आणि अंतिम निदान अठराव्या महिन्यात. मधल्या फेऱ्या चुकल्या की बाळ नोंदीतून निसटते. बाळंतीण आईला त्या प्रत्येक फेरीचे रिक्षाभाडे देणे, हे वर्गणी मागायला इतके भक्कम कारण आहे की नाट्यमय शब्दांची गरजच उरत नाही. प्रश्न विचारणाऱ्यांना १०९७ हा मोफत मदत क्रमांक द्या आणि स्वतः वैद्यकीय सल्ला देऊ नका.

शेवटची चूक डिसेंबरमध्येच सगळे संपवण्याची. खेळणी, केक आणि एक दिवसाचे जेवण यांवर रक्कम उडाली की जूनमध्ये वह्या-पुस्तकांना आणि पावसाळ्यातल्या फेऱ्यांना काही उरत नाही. आम्ही रक्कम संस्थेकडे देताना बारा महिन्यांचे वाटप लेखी घेतो, जूनचा हप्ता दुप्पट ठेवतो, आणि दर तीन महिन्यांनी दोन विद्यार्थी जाऊन फक्त खर्चाच्या पावत्या पाहून येतात. मुलांना भेटायला ते जात नाहीत.