मुलींना सॉफ्टबॉलची बॅटिंग शिकवताना या चुका टाळा

शालेय सॉफ्टबॉलचा सामना बघायला उभं राहिलं की पहिल्या इनिंगपासून बाहेरून सूचना सुरू होतात. ‘कोपर वर घे’, ‘बॉल बघ’, ‘वरून मार’, ‘अगं, जोरात मार की!’ मुलगी गोंधळून तिसरा स्ट्राइक, म्हणजे मारता येण्याजोगा शेवटचा चेंडू, सोडते किंवा हवेत बॅट फिरवते आणि बाद होऊन परत येते. मग कुणीतरी म्हणतं, ‘मुलींना ताकद कमी पडते.’

ताकदीचा प्रश्न क्वचितच असतो. दोष हातात दिसतो, पण त्याचं मूळ पायात, वेळेत किंवा चुकीच्या बॅटमध्ये असतं, आणि आपण मात्र हातच दुरुस्त करत बसतो. पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्या मुलीला धरून लिहिलं आहे. डावरी असेल तर बाजू उलट करून घ्या.

सगळ्या संघाला एकच बॅट

बहुतेक शाळांच्या किटमध्ये दोन-तीन बॅटी असतात आणि त्यातली एक मुलांच्या संघाकडून आलेली, जड. नियमाप्रमाणे बॅट जास्तीत जास्त 34 इंच लांब आणि 38 औंस वजनाची असू शकते. ही वरची मर्यादा आहे, मुलींसाठीचं माप नव्हे. लांबीच्या इंचांतून वजनाचे औंस वजा केले की जो आकडा येतो त्याला ड्रॉप म्हणतात. 32 इंच आणि 22 औंस, म्हणजे ड्रॉप दहा, आणि तो लिहितात उणे दहा असा. शाळकरी मुलींना साधारण उणे दहाच्या आसपासची किंवा त्याहून हलकी बॅट झेपते.

ढोबळ चाचणी सोपी आहे. मुलीला एका हाताने बॅट मुठीशी धरून हात खांद्याच्या उंचीवर बाजूला सरळ करायला सांगा. पंधरा-वीस सेकंदांत बॅटचं टोक खाली लोंबू लागलं तर ती बॅट तिच्यासाठी जड आहे. नवी घेणं शक्य नसेल तर नॉबपासून, म्हणजे मुठीच्या टोकाच्या गोल गाठीपासून, दोन बोटं वर धरायला शिकवा. त्यात कमीपणा काहीच नाही. जड बॅट फिरवताना मुलगी पाठ मागे झुकवते, खांदा पाडते, मनगटं आधीच वळवते. आणि हे तिन्ही दोष आपण वेगवेगळे समजून महिनाभर त्यांच्या मागे लागतो.

क्रिकेटची सवय तशीच राहू देणं

आपल्याकडे बहुतेक मुलींच्या हातात पहिल्यांदा आलेली बॅट क्रिकेटची असते. गल्लीत भावाबरोबर खेळून आलेली मुलगी नजरेची तयार असते, पण काही गोष्टी तिला सोडाव्या लागतात. बॅट जमिनीकडे टेकवून उभं राहणं, वरच्या हाताने सरळ बॅट खाली आणणं आणि चेंडूच्या टप्प्याकडे लांब पाऊल टाकणं, या तिन्ही सवयी सॉफ्टबॉलमध्ये अडचण करतात. इथे चेंडू टप्पा न पडता येतो आणि मैदानाचा फक्त समोरचा काटकोन फेअर असतो, म्हणजे तिथे मारलेलाच फटका धरला जातो. लेट कटसारखा सुंदर फटका इथे नुसता फाऊल.

पकड बदलताना हात धरून बोटं बसवू नका. बॅट तळहातात घट्ट न धरता बोटांच्या मुळाशी धरायची आणि दार ठोठावताना जे सांधे दारावर आपटतात ते दोन्ही हातांचे साधारण एका रेषेत आणायचे, एवढं सांगितलं की पुरतं. रेष तंतोतंत जुळली नाही तरी चालेल. बॅट इतकी आवळून धरली असेल की मनगटाच्या शिरा दिसतात, तर मात्र आधी ते सोडवा, कारण आवळलेल्या मुठीबरोबर खांदेही ताठ होतात.

‘वरून खाली मार’

ही सूचना मला सगळ्यात घातक वाटते, कारण ती सुरुवातीला फळ देते. चौदा वर्षांखालच्या सामन्यात मुरमाड मैदानावर चेंडू जमिनीवर आपटला की तो वेडावाकडा उसळतो, क्षेत्ररक्षकांच्या हातून सुटतो आणि धाव मिळते. प्रशिक्षकाला वाटतं, पद्धत बरोबर आहे. विभागीय स्पर्धेत शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली क्षेत्ररक्षक, चांगली असली की तोच चेंडू रोज सरळ आऊट होतो आणि तोवर मुलीच्या अंगात कुऱ्हाडीने लाकूड फोडल्यासारखा स्विंग मुरलेला असतो.

पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, चेंडू कमरेखालून सोडते खरा, पण बॅटरसमोरच्या होम प्लेटपर्यंत येताना बहुतेक चेंडू किंचित खालीच उतरत असतात. ड्रॉप नावाचा चेंडू (बॅटच्या ड्रॉपशी याचा संबंध नाही) तर जास्तच. बॅट वरून खाली आली तर तिचा आणि चेंडूचा मार्ग एकाच बिंदूत छेदतो. वेळ जरा चुकली की चेंडू तरी चुकतो किंवा बॅट त्याच्या खालचा भाग घासून चेंडू वर उडतो. बॅट चेंडूच्या मार्गात आधी उतरली, काही अंतर त्याच मार्गाने गेली आणि किंचित वर गेली, तर जरा लवकर किंवा उशीर झाला तरी लागतो. मुलीला हे भाषणाने कळत नाही. टीवर, म्हणजे चेंडू ठेवायच्या उभ्या दांड्यावर, चेंडू ठेवा, तिच्यापासून सात-आठ मीटरवर जाळी किंवा जुनी चादर टांगा आणि तिच्या डोक्याच्या उंचीवर पट्टी चिकटवा. ‘पट्टीवर मार’ एवढंच सांगा. स्विंगचा मार्ग ती स्वतः शोधते.

उलट टोकाची चूकही होते. ‘उचलून मार’ म्हटलं की मुलगी मागचा खांदा पाडते, बॅरल, म्हणजे बॅटचा जाड भाग, हातांच्या खूप खाली जातं आणि चेंडू मागे बसलेल्या कॅचरच्या डोक्यावर जातो. खांदा पाडू नको, असं सांगून तो थांबत नाही. बहुधा तिचं वजन मागच्या पायावर अडकलेलं असतं. तिथे बघा.

मागचा पाय फिरवण्याचा हट्ट

‘मागची टाच फिरव’ ही जुनी शिकवण. मुली इमानदारीने टाच फिरवतात, पण कंबर जागीच राहते आणि वजन मागेच. पाय फिरणं हा परिणाम आहे. पुढचं पाऊल टेकलं, त्या पायाने जमिनीला रेटा दिला आणि गुडघा घट्ट झाला की कंबर पुढे उघडते, मागची टाच आपोआप उचलली जाते आणि बोटांवर फारच थोडा भार उरतो.

तपासायची पद्धत: स्विंग संपला की तीन मोजेपर्यंत मुलीला तिथेच थांबायला सांगा. मग मागचा पाय उचलायला लावा. तोल न जाता उचलता आला तर वजन पुढे आलं आहे. येत नसेल तर कंबरेच्या मागे बॅट आडवी धरून नुसतं पाऊल टाकायचं आणि वळायचं, असं काही दिवस चेंडूशिवाय करू द्या.

पुढचं पाऊल टेकताना गुडघा आत कोलमडतो का, हेही पाहा. मुलींमध्ये गुडघ्यातल्या एसीएल या अस्थिबंधाच्या दुखापती मुलांपेक्षा जास्त होतात. बहुतेकदा त्या उडी किंवा वळणात होतात, बॅटिंगमध्ये नव्हे, पण गुडघा आत पडण्याची सवय इथे दिसली तर तिला स्क्वॉट आणि लंज नीट शिकवायला लागा.

वेळ चुकते, आणि आपण स्विंग बदलतो

महिलांच्या सामन्यात पिचिंगचं अंतर 43 फूट असतं. पिचर पुढे पाऊल टाकून चेंडू सोडते, म्हणून प्रत्यक्ष प्रवास त्याहून कमी. ताशी 90 किलोमीटरचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत येतो. चेंडू दिसला की मग पाऊल उचलायचं, असं करणारी मुलगी कायम उशिरा असणार, तिचा स्विंग कितीही देखणा असो.

म्हणून पाऊल पिचरच्या हाताबरोबर चालायला हवं. हात वर्तुळात वर गेला की पाऊल उचलायचं. तो मांडीजवळ येईपर्यंत पाऊल हलकेच टेकलेलं, आणि बॅट अजून मागेच. पाऊल आधी, हात नंतर. पाऊल टेकलं म्हणून हातही पुढे आले तर चेंज-अपवर, म्हणजे मुद्दाम संथ टाकलेल्या चेंडूवर, फसगत ठरलेली. यासाठी पिचरच्या सरावात मुलींना बॅट घेऊन, पण न फिरवता, बॅटरच्या चौकटीत (बॉक्समध्ये) उभं करा. पिचरचाही सराव होतो आणि यांचीही लय बसते. हा सराव आपल्याकडे फार कमी होतो याचं मला वाईट वाटतं, कारण त्याला एक रुपयाही लागत नाही.

चूक वेळेची की मार्गाची, हे चेंडूच सांगतो. सरळ मागे गेलेला फाऊल म्हणजे वेळ बरोबर, बॅट जराशी खाली. त्या मुलीला शाबासकी द्या, काही बदलू नका. पहिल्या बेसकडचे फाऊल सतत येत असतील तर उशीर. तिसऱ्या बेसकडे मरतुकडे चेंडू घरंगळत असतील तर घाई, किंवा पुढचा खांदा आधीच उघडतोय.

टी चुकीच्या जागी

बॅटिंग टी मुलीच्या पोटासमोर ठेवलेली मी पुन्हा पुन्हा बघते. तिथला चेंडू मारायला कोपरं अंगाशी आखडावी लागतात आणि तेच मुरतं. मधल्या चेंडूसाठी टी पुढच्या पायाच्या रेषेत किंवा थोडी पुढे हवी, आतल्या चेंडूसाठी आणखी पुढे, बाहेरच्यासाठी जरा मागे. विकतची टी नसेल तर सिमेंटमध्ये रोवलेला प्लॅस्टिकचा पाइप आणि वर जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा छान चालतो.

‘बॉल बघ’ या सूचनेऐवजी चेंडूंवर दोन रंगांच्या चिकटपट्ट्या लावा आणि सॉफ्ट टॉस देताना, म्हणजे जवळून चेंडू हलकेच उडवून देताना, तिला मारण्याआधी रंग ओरडायला सांगा. नजर कुठे आहे, लगेच कळतं.

हेल्मेट, हात आणि मोबाइल

शाळेच्या नियमामुळे दोन वेण्या रिबिनी बांधून वर दुमडलेल्या असतात. त्यावर हेल्मेट बसत नाही, ते वर तरंगतं आणि वळताना कड डोळ्यावर येते. मुलगी ते सांगत नाही, नुसती मान वाकडी करून उभी राहते आणि आपण तिच्या डोक्याची ठेवण सुधारत बसतो. सामन्याच्या दिवशी मानेशी एकच सैल वेणी घालू द्या.

कंबर वळवून दाखवायला तिच्या कंबरेला हात लावू नका. पुरुष प्रशिक्षकांनी तर नाहीच, पण बाईंनीही आधी विचारावं. स्वतः करून दाखवा, काठीने दिशा दाखवा, किंवा संघातल्या मोठ्या ताईला करून दाखवायला सांगा. अवघडलेलं अंग मोकळं फिरत नाही, हे खेळाच्या दृष्टीनेही खरं आहे. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये स्विंग काढायचा तर पालकांची परवानगी घ्या आणि तिला दाखवून झालं की पुसून टाका. नमुना म्हणून 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकचा जपान-अमेरिका महिला अंतिम सामना दाखवा. पुरुषांच्या बेसबॉलपेक्षा तो बरा, कारण चेंडू खालून येताना या बायकांचे पाय कधी टेकतात ते मुलींना तिथे दिसतं.

उंच कोपर, आणि सगळ्या वेगवान मुलींना स्लॅप

मागचं कोपर उंच ठेवायला लावलं की स्विंगच्या सुरुवातीला ते धपकन खाली येतं आणि हातांचा मार्ग लांबतो. सैल राहू द्या, विषय संपला.

धावायला चपळ मुलगी दिसली की तिला डावरीसारखं उभं करून स्लॅप, म्हणजे पळत पळतच चेंडू हलका टोलवणं, शिकवण्याची घाईही नको. बेसमधलं अंतर 60 फूट असल्याने पहिल्या बेसच्या बाजूला उभ्या असलेल्या डावरीला दोन-तीन पावलांचा फायदा मिळतो, हे खरं. पण तिला पूर्ण स्विंग आलाच नाही तर क्षेत्ररक्षक पुढे सरकतात आणि तिच्याकडे उत्तर उरत नाही. आधी पूर्ण स्विंग, मग स्लॅप.

बदल कधी करायचा

स्विंगमधला बदल अंगवळणी पडायला काही आठवडे लागतात आणि मधल्या काळात मुलगी आधीपेक्षा वाईट खेळते. हे तिला आणि तिच्या आईवडिलांना आधीच सांगा. शाळा सुरू झाल्यावर जून-जुलैमध्ये, पाऊस असला तर हॉलमध्ये किंवा व्हरांड्यात, टीवर हे काम करून घ्या. एका वेळी एकच गोष्ट धरा. जिल्हास्तराच्या आठवड्यात पकड किंवा पायाला हात लावू नका. त्या दिवसांत पिचर बघून पाऊल वेळेवर टेकतंय का, एवढंच तिच्याशी बोला.