शॉकअपमधून ऑइल येतंय? आधी चिखल काढा, मग सील बदला

बाइकच्या पुढच्या शॉकअपच्या, म्हणजे फोर्कच्या, पाइपवर तेलकट रिंग दिसली की लगेच सील (आतलं ऑइल अडवणारी रबरी रिंग) आणायला पळू नका. पावसाळ्यात कोकणात गाडी घातली की लाल चिखल पाइपवर वाळतो आणि फोर्क दबला की त्यातलाच एखादा कण सीलच्या कडेखाली जाऊन बसतो, मग सील चांगलं असूनही ऑइल सुटत राहतं. घरात जुनी एक्सरे फिल्म असेलच, तिची बोटभर रुंद पट्टी कापा, टोकाला हुकासारखी खाच करा, डस्ट सील (धूळ अडवणारं वरचं रबर) हळूच वर सरकवून ती पट्टी ऑइल सीलच्या आत घाला आणि पाइपभोवती एक-दोन चक्कर फिरवा. काळी घाण निघेल. पुसून घ्या, पुढचा ब्रेक धरून आठ-दहा वेळा फोर्क दाबा, एक राइड मारून बघा. माझं निम्म्या वेळा एवढ्यावरच भागलंय.

तरीही गळत असेल तर मात्र टाळू नका, तेच ऑइल ओघळून ब्रेक पॅडवर गेलं की ब्रेक लागत नाही आणि मग पॅडसुद्धा बदलावे लागतात.

खाली सांगतोय ते साध्या टेलिस्कोपिक फोर्कचं (पाइप खालच्या जाड नळीत, बॉटममध्ये, सरकतो तो), म्हणजे एक्सपल्स २०० सारख्या गाडीचं (३७ मिमी पाइप, १९० मिमी ट्रॅव्हल). उलटे यूएसडी फोर्क (पाइप खाली, जाड नळी वर) वेगळे असतात, त्यांना हे लावू नका. सील दोन्ही बाजूंची घ्या, डस्ट सील आणि बॉटम बोल्टचे तांब्याचे वॉशर पण घ्या, आणि ऑइलचा ग्रेड न् लेव्हल गाडीच्या मॅन्युअलमधूनच बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, क्रम. मी पहिल्यांदा उत्साहात फोर्क आधी काढला आणि मग टॉप कॅप (पाइपच्या वरचं आट्याचं झाकण) काही केल्या सुटेना, पाइप नुसता हातात गोल फिरतोय! म्हणून गाडी चाकावर असतानाच वरच्या टी चे (फोर्क पाइप धरणाऱ्या क्लॅम्पचे) बोल्ट ढिले करा, खालच्या टी चे घट्टच ठेवा, आणि कॅप फक्त अर्धा आटा सैल करा. मग इंजिनखाली लाकडी ठोकळा किंवा जॅक देऊन पुढचं चाक उचला, गाडी हलत नाही ना ते धक्का देऊन बघा. कॅलिपर (ब्रेक पॅड धरणारा भाग) काढून तारेने वर टांगा, नळीवर लोंबकळत सोडू नका, पॅडमध्ये पुठ्ठा घाला म्हणजे कुणी चुकून ब्रेक दाबला तर पिस्टन बाहेर येणार नाही. एबीएसची वायर सांभाळा. चाक, मडगार्ड काढा, खालची टी ढिली करा, फोर्क फिरवत फिरवत खाली ओढा.

कॅप पूर्ण उघडण्याआधी बॉटमचा एलन बोल्ट सोडवा. आतला डॅम्पर रॉड बोल्टबरोबर फिरतो, म्हणून फोर्क उलटा उभा करून एकाने अंगाचा भार देऊन दाबायचा, स्प्रिंगच्या दाबाने रॉड धरला जातो, तेवढ्यात दुसऱ्याने पाना मारायचा. मग कॅप उघडा, पण तोंड बाजूला ठेवून, खाली स्प्रिंग दाबलेली असते. जुनं ऑइल डब्यात काढा, गटारात नको.

डस्ट सील आणि त्याखालची क्लिप काढा. पाइपला बुश (सरकण्यासाठीचं धातूचं कडं) असेल तर पाइप झटके देऊन ओढला की सील बुशबरोबर बाहेर येतं, नसेल तर पाइप तसाच निघतो आणि सील टायर लिव्हरने उचकटावं लागतं, कडेखाली फडकं ठेवा, बॉटमला ओरखडा पडला तर नवीन सीलही गळणार. पाइपवर नखाला लागेल असा खड्डा आहे का बघा. बारीक टोक असेल तर १५०० नंबरचा वॉटर पेपर ओला करून हलकेच घासा, गंज खोल असेल तर पाइपच बदला. सगळं रॉकेलने धुवून नीट सुकवा.

पाइपच्या खालच्या टोकावर प्लास्टिकची पिशवी चढवा, ऑइल लावा आणि डस्ट सील, क्लिप, ऑइल सील या क्रमाने सरकवा. सीलची बारीक स्प्रिंग दिसते ती बाजू खाली, ऑइलकडे. पाइप बॉटममध्ये घालून बॉटम बोल्ट नव्या वॉशरसकट घट्ट करा. मग जुनं सील नव्यावर ठेवून, पाइपवर सैल बसेल अशा पीव्हीसी पाइपने ठोका, क्लिपची खाच पूर्ण दिसेपर्यंत, मग क्लिप खाचेत आणि वर डस्ट सील बसवा.

ऑइल ओतल्यावर फोर्क हळूहळू दहा-बारा वेळा वर-खाली करा, हवा निघते. लेव्हल स्प्रिंग बाहेर आणि फोर्क पूर्ण दाबलेला असताना वरून मोजायची, जास्तीचं मेडिकलमधल्या मोठ्या सिरिंजला नळी लावून ओढा. फोर्कच्या दोन्ही पायांत लेव्हल अगदी सारखी हवी.

बसवताना दोन्ही पाइप टी मध्ये एकाच उंचीवर घ्या. टी चे बोल्ट, कॅप आणि ॲक्सल घट्ट केल्यावर, खालचा ॲक्सल क्लॅम्प कसायच्या आधी, गाडी चाकावर घेऊन चार-पाच वेळा दाबा म्हणजे दोन्ही पाय एका रेषेत येतात. पुढचा ब्रेक लिव्हर कडक होईपर्यंत दाबत राहा, मगच गाडी हलवा. पहिल्या राइडला पाइपवर पातळसा ऑइलचा थर येईल, तो लावलेल्या ऑइलचा असतो, पुसा आणि दुसऱ्या राइडनंतर परत बघा.