हजार यार्डांवरची पाटी: मोहावीच्या वाळवंटात मित्रांसोबत लांब पल्ल्याची नेमबाजी

स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळवलं ते ५० मीटर रायफल प्रकारात. त्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. तोच कोन हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर नेला तर वर्तुळ १९ सेंटिमीटरचं होतं. अमेरिकेतल्या नेवाडा-अ‍ॅरिझोनाच्या मोहावी वाळवंटात हौशी मंडळी हजार यार्डांवर पाटी (टार्गेट म्हणून टांगलेला पोलादी पत्रा) लावतात ती ५० सेंटिमीटरची. त्यामुळे नुसत्या नेमाचं म्हणाल तर हे काम ऑलिंपिकपेक्षा सोपं आहे. गोची आहे ती मधल्या हवेत. गोळी सुमारे दीड सेकंद हवेत असते आणि तेवढ्यात वारा तिला दीड मीटरही बाजूला नेतो. गोळी किती खाली पडणार हे गणितात बसतं, वारा बसत नाही. म्हणून तयारीचा मोठा भाग गणित आधीच उरकण्यासाठी करायचा, म्हणजे तिथे सगळं लक्ष वाऱ्याकडे देता येतं.

पण बंदुकीला हात लावण्याआधी आपला व्हिसा बघा. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ असे तात्पुरते व्हिसा असणाऱ्यांना अमेरिकेच्या संघराज्य कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे. बंदूक मित्राची असली किंवा रेंजवर भाड्याने घेतलेली असली तरी ती हातात घेणं हा ताबाच धरला जातो. यातली नेहमीची सवलत म्हणजे एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. तो मिळवायला बहुतेक ठिकाणी आधी सुरक्षा-प्रशिक्षण करावं लागतं आणि त्याची मुदत संपली की सवलतही संपते. ग्रीनकार्डवाल्यांना ही अडचण नाही. भारतातून भेटीला आलेल्या आईबाबांच्या हातात ‘फक्त फोटोपुरती’ बंदूक देऊ नका. आपलं स्वतःचं काही शंकास्पद असेल तर वकिलाला विचारा. राज्याची हद्द ओलांडली की मॅगझिनचे (काडतुसं भरायच्या डबीचे) आणि वाहतुकीचे नियमही बदलतात. प्रवासात चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) रिकामं, बंदूक कुलूपबंद पेटीत आणि काडतुसं वेगळी ठेवली की बरेच प्रश्न उद्भवतच नाहीत.

जागा. नेवाडातली सुमारे ४.८ कोटी एकर जमीन ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी खात्याकडे आहे. जिथे बंदी नाही तिथे तिच्यावर नेमबाजी चालते. नॅशनल पार्कमध्ये चालत नाही, लास वेगासजवळच्या रेड रॉक कॅनियनमध्ये चालत नाही आणि शहराभोवतीच्या पट्ट्यात काउंटीचे वेगळे निर्बंध असतात. निघण्याआधी त्या भागाच्या कार्यालयाला फोन करून दोन गोष्टी विचारा: ही जागा खुली आहे का, आणि सध्या आगीमुळे काही बंदी आहे का. उन्हाळ्यात पोलादी गाभ्याच्या गोळ्या, ट्रेसर (जळत जाणाऱ्या गोळ्या) आणि स्फोट होणारी टार्गेटं यांवर बऱ्याचदा बंदी असते. वाळलेल्या गवतात पोलादाची एक ठिणगी पुरते आणि आग विझवण्याचा खर्च लावणाऱ्याच्या अंगावर येतो.

जागेत आधी पाहायची ती पाठ. पाटीमागे मातीचा किंवा वाळूचा उंच उतार हवा आणि पाटी त्याच्या पायथ्याशी हवी. ‘मागे काहीच नाही, नुसतं रान आहे’ ही पाठ नव्हे. या काडतुसांची गोळी मोकळी सुटली तर काही किलोमीटर जाते. खडकाळ कडा, गोटे, उन्हाने विटेसारखी झालेली चुनखडी जमीन यांवरून गोळी उसळते. पाटी हुकवणारी गोळी बहुधा आधी जमिनीलाच लागते, म्हणून पाटीच्या अलीकडची शंभर यार्ड जमीनही चालून बघा. गोळीच्या मार्गाला कुठलीही कच्ची वाट छेदत असेल तर जागा बदला. वाळवंटात वाट रिकामी दिसते आणि नेमक्या वेळी तिच्यावरून मोटारसायकल येते. सकाळी पश्चिमेकडे तोंड करून मारता येईल अशी मांडणी उत्तम, कारण ऊन पाठीवर राहतं आणि पाटी उजळते. अ‍ॅरिझोनात असाल तर सॅग्वारो निवडुंगाला टार्गेट करू नका. तो गुन्हा तर आहेच, शिवाय १९८२ मध्ये फिनिक्सच्या बाजूला त्याच्यावर गोळ्या झाडणाऱ्या एकाच्या अंगावर त्याच झाडाची फांदी पडून तो ठार झाला होता.

ज्यांनी तीनशे यार्डांपुढे कधीच मारलेलं नाही त्यांनी थेट रानात जाऊ नये असं आमचं ठाम मत आहे. फिनिक्सजवळच्या बेन एव्हरी रेंजसारख्या ठिकाणी एक-दोन दिवस घालवा. तिथे अंतरं मोजलेली असतात आणि आज्ञा द्यायला जाणता माणूस असतो.

पाट्या एआर-५०० या कडक पोलादाच्या, किमान ३/८ इंच म्हणजे साडेनऊ मिलिमीटर जाडीच्या घ्या. साधं पोलाद खड्डे धरतं आणि खड्ड्यातून निघालेली कपची मागे, मारणाऱ्याकडेच येते. खड्डा किंवा तडा दिसला की ती पाटी भंगारात. रायफलसाठी पाटी १०० यार्डांच्या आत लावू नये. ती पुढे थोडी झुकलेली टांगावी म्हणजे गोळीचे तुकडे जमिनीत जातात. लोखंडी साखळीपेक्षा अग्निशमनाच्या जुन्या होजचा पट्टा बरा. तो गोळी लागली तरी निभावतो आणि तुकडे उडवत नाही. मापांचा आमचा हिशेब असा: ३०० यार्डांवर २० सेंटिमीटर, ६०० वर ३०, हजारवर ५०. लहान पाट्यांनी फुशारकी मारता येते, शिकता मात्र येत नाही, कारण हुकलेली गोळी कुठे गेली तेच कळत नाही. पांढऱ्या रंगाचे दोन स्प्रे डबे बरोबर ठेवा आणि दर फेरीआधी पाट्या रंगवा.

काडतूस म्हणून ६.५ क्रीडमूर निवडलं तर नवख्याचं भलं होतं. धक्का बेताचा, तयार मॅच (स्पर्धेच्या दर्जाची) काडतुसं सहज मिळणारी, आणि हजार यार्डांवरही गोळी आवाजाच्या वेगापेक्षा वेगात. दिवसाला माणशी ६० ते ८० काडतुसं पुरतात. सगळी एकाच लॉटची, म्हणजे एकाच खेपेत बनलेली घ्या. दोन लॉटांच्या वेगात सेकंदाला ९ मीटरचा फरक निघाला तर हजार यार्डांवर सुमारे २० सेंटिमीटर वरखाली होतं. स्कोपचे (बंदुकीवरच्या दुर्बिणीचे) टरेट, म्हणजे नेम सरकवायची बटणं, आणि आतली नेमाची रेघोटी दोन्ही एकाच एककात हवेत, दोन्ही मिलमध्ये किंवा दोन्ही एमओएमध्ये (ही कोन मोजायची एककं). मिल घ्या. एक मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटर, हजारवर एक मीटर, आपल्या दशमान डोक्याला सोपं. सगळ्या मित्रांनी एकच एकक वापरायचं. एक मिलवाला आणि एक एमओएवाला अशी जोडी दुपारपर्यंत भांडते.

स्कोपच्या रिंगांचे स्क्रू टॉर्क रेंचने आवळा. वरच्या टोप्यांना साधारण १५ ते १८ इंच-पाउंड लागतात, पण उत्पादकाचा आकडा असेल तो अंतिम. कच्च्या रस्त्यावर तासभर गाडी हादरल्यावर सैल स्क्रू निघतोच. बंदुकीवर पाणसळ बसवा. रायफल तीन अंश कलली तरी हजार यार्डांवर गोळी सुमारे ४० सेंटिमीटर बाजूला जाते. ज्या बाजूला कलली त्याच बाजूला जाते आणि दोष वाऱ्याला मिळतो.

शून्य करणं, म्हणजे स्कोपचा नेम आणि गोळी एकाच जागी जुळवणं, १०० यार्डांवर. झोपून, पुढे बायपॉड (दोन पायांचा आधार), मागे दस्त्याखाली वाळूची पिशवी. आधी पॅरालॅक्सचं बटण फिरवा: डोकं किंचित हलवलं तरी रेघोटी टार्गेटवर स्थिर राहिली पाहिजे. पाच गोळ्या मारा, मध्य काढा, मगच टरेट फिरवा. एकेका गोळीमागे क्लिक फिरवणारा माणूस दिवसभर शून्यच करत बसतो. हे चालू असताना क्रोनोग्राफने वेग मोजा. खोक्यावरचा वेग कारखान्याच्या चाचणीच्या नळीचा असतो, तुमच्या नळीचा नव्हे.

१४० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं एकक) मॅच गोळी, वेग सेकंदाला २७१० फूट, शून्य १०० यार्डांवर, समुद्रसपाटीची हवा, असं धरलं तर वर करायचे आकडे अंदाजे असे येतात: ३०० यार्डांना १.२ मिल, ५०० ला ३, ६०० ला ३.९, ८०० ला ६.१ आणि १००० ला ८.६. हे आरंभासाठी. बॅलिस्टिक अ‍ॅपमध्ये स्वतःचा वेग, गोळी आणि हवा भरली की तुमचे आकडे निघतील. मग ६०० किंवा ८०० यार्डांवर प्रत्यक्ष मारून अ‍ॅपमधला वेग थोडा वरखाली करून जुळवा. जुळवणी ३०० वर करू नका, तिथे चूक दिसण्याइतकी मोठी होत नाही.

हवा विरळ झाली की गोळी कमी खाली येते. लास वेगास ६०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे. तिथे सकाळी १५ अंशांना हवा साधारण ७५० मीटर उंचीवरच्यासारखी वागते, दुपारी ४० अंशांना जवळजवळ १७०० मीटरवरच्यासारखी. सकाळचाच आकडा दुपारी ठेवला तर हजार यार्डांवर गोळी पाव मीटरच्या आसपास वर लागते, म्हणजे पाटीची वरची कड. त्यात काडतुसातली तापलेली दारू वेग वाढवते ती आणखी वेगळी. म्हणून काडतुसं सावलीत, बर्फ न घातलेल्या आइसबॉक्समध्ये ठेवा. डॅशबोर्डवर कधीच नाही. तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस घालून गप्पा मारत बसू नका. आकडे दर तासाला ताजे करा.

आता वारा. ६.५ क्रीडमूरला एक सोपी खूणगाठ लागू पडते: ताशी ६ मैलांचा आडवा वारा असेल तर जितकी शंभर यार्डं तितके दशांश मिल. ४०० यार्डांना ०.४, ६०० ला ०.६, हजारला जरा जास्त, १.१. वारा १२ मैल असेल तर दुप्पट, ३ असेल तर निम्मं. वारा तिरका असेल तर घड्याळ डोळ्यांपुढे आणा: पाटी बाराला. तीन किंवा नऊकडून येणारा पूर्ण धरायचा, दीडकडून येणारा सात दशांश, एककडून येणारा निम्मा. समोरून-पाठून येणारा जवळजवळ सोडून द्यायचा. पण समोरचा वारा जरासा इकडेतिकडे वळला तरी डावीचं उजवीकडे होतं, म्हणून तो दिसतो तितका गरीब नाही.

हातातला वारामापक फक्त तुमच्या जागेचा वारा सांगतो. तो महत्त्वाचा आहे, कारण सुरुवातीला मिळालेला कोन गोळी शेवटपर्यंत वाहून नेते. पुढचा वारा मृगजळात, म्हणजे तापलेल्या हवेच्या लाटांत वाचायचा. स्पॉटिंग स्कोप (टार्गेट बघायची वेगळी दुर्बीण) पाटीच्या थोडा अलीकडे फोकस करा. लाटा सरळ वर उकळत असतील तर वारा थांबलेला किंवा थेट समोरून-मागून आहे. अशा वेळी मारू नका, तो कुठल्याही बाजूला फुटेल. लाटा तिरक्या असतील तर हलका वारा. आडव्या वाहत असतील तर जोरकस, आणि त्यानंतर मृगजळ विरून जातं, मग झुडपं आणि धुरळा बघायचा. हजार यार्डांना जाताना गोळी नजरेच्या रेषेपासून दोन मीटरपेक्षा जास्त वर चढते. मधे ओढ्याचं कोरडं पात्र असेल तर जमिनीपासून तिची उंची आणखी वाढते आणि तिथला वारा झुडपं सांगतात त्याहून जोरात असतो. उजव्या पिळाच्या (आतल्या खाचा उजवीकडे वळणाऱ्या) नळीतून गोळी हजारला सुमारे ०.२ मिल उजवीकडे सरकते, तेही यात धरा. आणखी एक: काही गोळ्या झाल्या की तापलेल्या नळीवरूनच लाटा उठून स्कोपसमोर येतात. नळीवर कापडी पट्टी बांधा किंवा दहा मिनिटं थांबा.

जोडीने मारा. एकजण बंदुकीवर, दुसरा स्पॉटिंग स्कोपवर, अगदी त्याच्या मागे. बोलणं ठरलेलं: स्पॉटर पाटी आणि अंतर सांगतो, मारणारा टरेटचा आकडा मोठ्याने परत म्हणतो, मारणारा “तयार” म्हणतो, मग स्पॉटर “डावीकडे शून्य पूर्णांक सात” असा वारा देतो आणि त्यानंतर दोन-तीन सेकंदांत गोळी सुटली पाहिजे. उशीर झाला तर तो वारा शिळा, पुन्हा मागा. “अरे, थोडं उजवीकडे घे की” याला अर्थ नाही. धुरळा उडाला तिथून पाटीच्या मध्यापर्यंतचं अंतर रेघोटीवर मोजून मिलमध्ये सांगा. हजारवरच्या पाटीचा टणत्कार गोळी सुटल्यापासून चार सेकंदांनी ऐकू येतो, तोवर डोकं उचलायचं नाही. नवख्या मित्राला आधी ३०० वर तीन सलग लागू द्या, मग ५००. पहिल्याच गोळीला हजार दाखवलं तर तो शिकत नाही, नशीब आजमावतो.

दिवसभरासाठी एकच माणूस रेंज ऑफिसर. तो मारत नसतो तेव्हाही त्याचाच शब्द शेवटचा. मात्र “थांबा” कोणीही ओरडू शकतो. कोणी पाटीकडे जाणार असेल तर सगळ्या बंदुका रिकाम्या, बोल्ट (चेंबर बंद करणारा दांडा) काढून एका पिशवीत, आणि ती पिशवी जाणाऱ्याच्याच गाडीत. हा नियम भांडकुदळ मित्रांनाही पटतो. कानात बोंडं आणि वरून मफ, दोन्ही. मझल ब्रेकवाल्या (नळीच्या तोंडाशी धक्का कमी करणारा तुकडा बसवलेल्या) रायफलीशेजारी एकाने भागत नाही. चष्मा सगळ्यांना, बघ्यांनाही. बिअर सगळ्या बंदुका पेटीत गेल्यावर. पाणी माणशी किमान चार लिटर, उन्हाळ्यात दुप्पट. टुर्निकेटसह (रक्तस्राव थांबवायच्या पट्ट्यासह) प्रथमोपचार पेटी हाताशी, आणि जागेचे अक्षांश-रेखांश कागदावर लिहून सगळ्यांच्या खिशात, कारण तिथे फोनला रेंज नसते. उपग्रह मेसेंजर असेल तर उत्तम. खाण्याआधी हात साबणाने धुवा, शिसं बोटांवर असतं.

वाळू बोल्टमध्ये आणि मॅगझिनमध्ये जाते. तेल अगदी पुसटसं लावा, जास्त तेलाने तिचं उटणं होतं. बोल्ट जड वाटला की पुसा, जोर लावू नका.

निघताना पुंगळ्या, पाट्या, पट्टे, स्टँड, कागद सगळं उचला, आधीच्यांनी टाकलेलंही जमेल तेवढं. जागा बंद होतात त्या बहुतेक कचऱ्यामुळेच. आणि गाडी सुरू करण्याआधी चारही चाकांखाली वाकून बघा. मोहावीचं कासव सावलीसाठी तिथे येऊन बसतं. १९९० पासून ते संरक्षित आहे. उचलायचं नाही, घाबरून ते साठवलेलं पाणी सोडून देतं आणि पुढे तहानेने मरू शकतं. ते स्वतःहून निघेपर्यंत थांबायचं.