स्कॉटलंडच्या एकपदरी रस्त्यांवर गाडी चालवताना

आयलीन डोनन किल्ला पाहून पश्चिम किनाऱ्याकडे, हायलँड्सच्या डोंगरांत शिरलात की बरेच रस्ते एकाच गाडीपुरते रुंद असतात. समोरून गाडी आली तर थांबायला जागोजागी ‘पासिंग प्लेस’ची पाटी असलेली रुंद जागा असते. ती आपल्या डाव्या हाताला असेल तर आत शिरून थांबा. उजवीकडे असेल तर तिकडे वळू नका; आपल्याच बाजूला, तिच्या समोर थांबा, वळसा समोरचा घेईल. गोंधळ होतो तो इथेच. चढ चढून येणाऱ्याला आधी जाऊ द्या. मागे गाडी चिकटली असेल तरी याच जागेत थांबून तिला पुढे काढा. ती कामावर निघालेल्या गावकऱ्याची असू शकते. फोटोसाठी मात्र इथे गाडी उभी करायची नाही, एवढं कृपया पाळाच. चाक रस्त्याखाली उतरवू नका, कडेची जमीन दलदलीची असते आणि गाडी रुतते.

ॲपलक्रॉस या गावाला जाणारा ‘बेलाख ना बा’ घाट ६२६ मीटरपर्यंत चढतो, चढ २० टक्क्यांपर्यंत. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये राहा; सतत ब्रेक दाबला तर तो तापून पकड सोडतो. ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल मोड घ्या. कॅरॅव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) या घाटात नेऊ नका. पेट्रोल आधीच भरा. स्कॉटलंडमधल्या पंपांवर डिझेलचं नोझल साधारणपणे काळं आणि पेट्रोलचं हिरवं असतं.