एसक्यूएलाइट वापरताय? मग आधी कनेक्शन नीट उघडा

एसक्यूएलाइट हा छोटा डेटाबेस हातात घेतलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत खूश होतो आणि दोनेक महिन्यांनी "डेटाबेस इज लॉक्ड" बघून डोकं धरून बसतो. मीही बसलोय. घोळ बहुतेक वेळा एकाच जागी असतो, कनेक्शन उघडल्यावर ज्या चार ओळी लिहायला हव्यात त्या कुणी लिहितच नाही, म्हणून हा सगळा प्रपंच. (कमांड्सची नावं मी बोलतो तशीच लिहितोय, टाइप करताना मूळ स्पेलिंग वापरा म्हणजे झालं.)

ज्यांनी अजून हात लावला नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे सर्व्हर नाही, पोर्ट नाही, युजरनेम-पासवर्ड नाही, लायब्ररी तुमच्या प्रोग्रामच्या पोटातच बसते आणि सगळा डेटा एका फाइलमध्ये असतो. रिचर्ड हिप यांनी २००० साली हे काढलं, तेव्हा ते अमेरिकन नौदलाच्या युद्धनौकेसाठीच्या एका सॉफ्टवेअरवर काम करत होते, आणि डेटाबेस सर्व्हर पडला की यांचा प्रोग्राम पण आडवा, मग सर्व्हरच कशाला हवा असा साधा विचार. आज अँड्रॉइड, आयफोन, क्रोम, फायरफॉक्स सगळ्यांच्या आत हेच आहे. कोड पब्लिक डोमेनमध्ये आहे, लायसन्सची भानगडच नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. ही मंडळी जुनं काही मोडायचं नाही या बाबतीत भयंकर हट्टी आहेत. २००४ साली व्हर्जन ३ आली तेव्हाची फाइल आजही उघडते, आणि २०५० पर्यंत सांभाळू असं त्यांनी जाहीर करून ठेवलंय. छानच आहे, पण त्याचा दुसरा अर्थ असा की वीस वर्षांपूर्वी जे डीफॉल्ट ठरले ते आजही तसेच आहेत, चांगल्या सोयी नंतर आल्या पण त्या बंद असतात आणि चालू तुम्ही करायच्या.

तर कनेक्शन उघडलं की लगेच हे चार प्राग्मा (म्हणजे सेटिंग बदलायच्या कमांड्स) मारायचे.

प्राग्मा जर्नल_मोड = वॉल;
प्राग्मा सिंक्रोनस = नॉर्मल;
प्राग्मा बिझी_टाइमआउट = ५०००;
प्राग्मा फॉरेन_कीज = ऑन;

पहिल्यातला वॉल म्हणजे राइट-अहेड लॉग, २०१० मध्ये आला. जुन्या पद्धतीत कुणी लिहीत असलं की कमिटच्या (बदल पक्के करायच्या) वेळी वाचणाऱ्यांना ताटकळावं लागतं आणि वाचणारे असले की लिहिणारा अडकतो. वॉलमध्ये नवं लिखाण आधी शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये जातं, त्यामुळे वाचणारे आपले निवांत वाचत राहतात. ही सेटिंग फाइलमध्येच कोरली जाते, एकदा केली की पुरे. बाकीच्या तिन्ही मात्र त्या त्या कनेक्शनपुरत्या असतात, कनेक्शन बंद केलं की गेल्या, आणि इथेच लोक फसतात, शेलमध्ये (हाताने कमांड द्यायच्या खिडकीत) एकदा फॉरेन कीज (एका टेबलातली रो दुसऱ्यातल्या खऱ्या रोलाच जोडलीय ना ही तपासणी) ऑन केल्या म्हणजे झालं असं वाटतं, पण तुमच्या ॲपच्या कनेक्शनला त्याचा पत्ताच नसतो, आणि मग आई-बाप नसलेल्या रो टेबलात साचत जातात, एरर काहीच येत नाही. म्हणून प्रोजेक्टमध्ये कनेक्शन उघडणारं एकच फंक्शन ठेवा आणि बाकी कुठेही थेट उघडू देऊ नका. सिंक्रोनस नॉर्मलचं एवढं लक्षात ठेवा की वॉलसोबत वीज गेली तरी फाइल खराब होत नाही, पण शेवटची काही ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्के होणारे बदलांचे गठ्ठे) पुसली जाऊ शकतात. हिशोबाचं वगैरे सॉफ्टवेअर असेल तर फुल ठेवा, थोडं हळू चालेल पण झोप लागेल.

बिझी टाइमआउट का ते दोन टर्मिनल उघडून स्वतः बघा, सांगून कळत नाही ते. एकच फाइल दोन्हीकडे उघडा. पहिल्यात बिगिन इमिजिएट मारा, एक इन्सर्ट करा, कमिट करू नका, तसंच सोडा. दुसऱ्यात सिलेक्ट करून बघा, मस्त चालतं, फक्त नवी रो दिसत नाही कारण ती अजून कमिट कुठे झालीय. आता दुसऱ्यातच एक इन्सर्ट मारा, एंटर दाबल्या क्षणी "डेटाबेस इज लॉक्ड". थांबणं नाही, परत प्रयत्न नाही, सरळ तोंडावर. का तर टाइमआउट मुळात शून्य असतो. तिथेच बिझी_टाइमआउट = ५००० करून पुन्हा तीच इन्सर्ट द्या आणि पाच सेकंदांच्या आत पहिल्या टर्मिनलात कमिट मारा, दुसरी इन्सर्ट गुपचूप होऊन जाते. पाच हजार म्हणजे मिलिसेकंद. पायथनचं स्वतःचं मॉड्यूल आपणहून ५ सेकंद थांबतं, म्हणून पायथनवाल्यांना हा त्रास उशिरा कळतो, पण कळतोच.

कारण याच्यापुढे अजून एक खड्डा आहे आणि तो जास्त वाईट आहे. साधं बिगिन लिहिलं की ते ट्रान्झॅक्शन आळशी असतं, काही केल्याशिवाय कुठलंच लॉक घेत नाही. समजा तुम्ही आधी सिलेक्ट करून शिल्लक वाचली, मग अपडेट करायला गेलात, आणि मधल्या वेळात दुसऱ्या कनेक्शनने काहीतरी लिहून टाकलं. आता तुम्ही वाचलेलं चित्र शिळं झालं, त्यावर लिहू देणं धोक्याचं, म्हणून वॉल मोडमध्ये लगेच बिझी एरर मिळतो, इथे टाइमआउट पाच सेकंद असो की पाच तास, थांबतच नाही कारण थांबून काही फायदाच नाही. टाइमआउट लावलाय तरी लॉक्ड का येतंय म्हणून मी दोन दिवस घालवलेत यावर. उपाय अगदी फालतू आहे, ज्या ट्रान्झॅक्शनमध्ये पुढे कुठेतरी लिहायचंय ते पहिल्यापासून बिगिन इमिजिएट ने सुरू करा, पायथनमध्ये आयसोलेशन_लेव्हल ला इमिजिएट द्या. मग रांग सुरुवातीलाच लागते आणि टाइमआउट आपलं काम करतो.

आणि एका वेळी लिहिणारा एकच, हा नियम काही केल्या बदलत नाही. ऐकायला भीती वाटते पण एकेक लिखाण मिलिसेकंदांत आटपतं, तेव्हा बऱ्याच ॲप्सना कधी जाणवतही नाही. जाणवतं कधी, तर ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून मध्येच कुणी नेटवर्क कॉल करतो किंवा फाइल डाउनलोड करतो तेव्हा. ते करू नका. खरंच पाच-सहा मशीनवरून सतत लिहायचं असेल तर पोस्टग्रेससारखा सर्व्हरवाला डेटाबेस घ्या, त्यात कमीपणा नाही. आणि फाइल नेटवर्क ड्राइव्हवर ठेवून चार जणांनी उघडायची आयडिया डोक्यात असेल तर ती तिथेच सोडा, वॉलला सगळ्या प्रोसेस एकाच मशीनवर लागतात, त्या शेअर्ड मेमरीतून एकमेकींशी बोलतात.

स्पीडचं रडगाणं पण बहुतेक वेळा ट्रान्झॅक्शनचंच असतं. दहा हजार रो टाकायच्या आणि प्रत्येक रोनंतर कमिट, म्हणजे दहा हजार वेळा डिस्कवर पक्कं लिहिल्याची खात्री करून घ्यायची. जुन्या फिरत्या ७२०० आरपीएमच्या डिस्कवर तर सेकंदाला साठेक ट्रान्झॅक्शनच व्हायची, कारण डिस्कचा फेरा पूर्ण व्हायला लागतो. लूपच्या बाहेर एक बिगिन, शेवटी एक कमिट, बास, मिनिटांचं काम चुटकीसरशी होतं. इन्सर्टमध्ये व्हॅल्यू जोडताना स्ट्रिंग चिकटवू नका हे वेगळं सांगायला नको, प्रश्नचिन्ह टाका आणि व्हॅल्यू वेगळ्या पाठवा.

टेबल बनवताना शेवटी स्ट्रिक्ट हा शब्द लिहायची सवय लावा, २०२१ च्या ३.३७ पासून आहे. नाहीतर होतं काय, कॉलमला इंटिजर म्हटलंत आणि त्यात "बारा" असं अक्षरात टाकलंत तरी बिचारा निमूटपणे ठेवून घेतो, व्हारचार १० लिहून शंभर अक्षरं टाकलीत तरी चालतं, तो १० फक्त शोभेचा. काहींना ही लवचिकता आवडते, मला नाही, सहा महिन्यांनी रिपोर्टची बेरीज चुकते तेव्हा शोधत बसावं लागतं. आयडीसाठी इंटिजर प्रायमरी की लिहा, पूर्ण इंटिजर, नुसतं इंट नाही, कारण पूर्ण शब्द लिहिला तरच तो आतल्या रोआयडीला जोडला जातो आणि नंबर आपोआप मिळतो, ऑटोइन्क्रिमेंट बहुतेकांना लागतच नाही. तारखेचा वेगळा टाइप नाहीच, वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने टेक्स्ट ठेवा म्हणजे सॉर्टिंग पण बरोबर येतं.

इंडेक्सबद्दल (टेबलात पटकन शोधायच्या सूचीबद्दल) एवढंच, क्वेरीच्या आधी एक्सप्लेन क्वेरी प्लॅन लावून बघा, उत्तरात स्कॅन दिसलं तर अख्खं टेबल चाळतोय, सर्च दिसलं तर इंडेक्स वापरतोय. छोट्या टेबलला स्कॅनच बरं.

आता मराठी मजकूर ठेवणाऱ्यांसाठी, कारण हे इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सापडत नाही. लेंग्थ फंक्शनला "नमस्ते" दिलं तर ६ येतात, तो न, म, स, हलन्त, त आणि मात्रा असे सुटे मोजतो, तेव्हा "जास्तीत जास्त इतकी अक्षरं" असले चेक लावताना सांभाळून. शोधताना त्याहून गंमत. "वाऱ्यावर" मधला तो अर्धा र काही कीबोर्ड ऱ वापरून लिहितात आणि काही साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडणारं चिन्ह घालून, स्क्रीनवर दोन्ही डिट्टो सारखे पण बाइट्स वेगळे, त्यामुळे डेटाबेससाठी हे दोन वेगळे शब्द. युनिकोड नॉर्मलायझेशनने पण हा प्रकार सुटत नाही, डेटा आत घेतानाच आपल्या कोडमध्ये एक रूप ठरवून बदलून टाकायचं, आणि सर्चमध्ये टाइप केलेल्या शब्दावरही तेच.

फुल-टेक्स्ट सर्च म्हणजे एफटीएस५ लावलंत तर त्याचा मूळ टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) फक्त अक्षरं आणि आकडे शब्दाचा भाग धरतो, काना-मात्रा-वेलांटी त्याच्या लेखी मोकळी जागा. म्हणजे "मराठी" चे "मर" आणि "ठ" असे तुकडे पडतात! शोधणाऱ्या शब्दाचेही तसेच पडतात म्हणून वरवर चालल्यासारखं वाटतं, आणि मग भलतेच रिझल्ट यायला लागतात. टेबल बनवताना युनिकोड६१ टोकनायझरच्या कॅटेगरीज मध्ये एल*, एन*, सीओ यांच्या जोडीला एमएन आणि एमसी पण द्या, शब्द अख्खे राहतात.

स्कीमा, म्हणजे टेबलांची रचना, बदलायचा तर मोठ्या टूलची गरज नाही. प्राग्मा युजर_व्हर्जन म्हणून एक आकडा फाइलमध्ये तुमच्यासाठीच राखून ठेवलाय, सुरुवातीला शून्य असतो, ॲप सुरू होताना तो वाचा, जितके बदल बाकी तितके एका ट्रान्झॅक्शनमध्ये चालवा, आकडा वाढवा. कॉलमचं नाव बदलणं २०१८ पासून जमतं, कॉलम काढणं २०२१ पासून, त्याआधीची लायब्ररी असेल तर नवं टेबल बनवून डेटा हलवा.

राहिला बॅकअप, आणि यात मी चांगलाच पोळलोय. एका क्लायंटकडे रोज रात्री डेटाबेसची फाइल कॉपी करायची स्क्रिप्ट मीच लिहून दिली होती, एका ओळीची, वर्षभर चालली, कुणी उघडून बघितलं नाही. मग त्यांची डिस्क गेली. कॉपी परत ठेवली तर उघडली मस्त, पण शेवटच्या दिवसाच्या नोंदी गायब. वॉल मोडमध्ये फाइलच्या शेजारी त्याच नावाच्या, शेवटी डॅश-वॉल आणि डॅश-एसएचएम लागलेल्या आणखी दोन फाइल असतात, ताज्या नोंदी त्या वॉल फाइलमध्येच बसलेल्या असतात आणि साधारण हजार पेज साचली की मुख्य फाइलमध्ये उतरतात. माझी स्क्रिप्ट मुख्य फाइल तेवढी उचलत होती. तीनही उचलल्या असत्या तरी चालत्या ॲपमध्ये कॉपी अर्धवट निघायची भीती आहेच. त्या नोंदी शेवटी त्यांच्या लोकांनी कागदावरून परत टाइप केल्या आणि मी शेजारी बसून ताडून बघत होतो.

आता तिथे व्हॅक्यूम इन्टू आणि पुढे नव्या फाइलचं नाव एवढं चालतं, ॲप चालू असताना सुद्धा एकसंध, आवळलेली प्रत मिळते. ते नको असेल तर शेलमध्ये डॉट-बॅकअप आहे. आणि त्याच स्क्रिप्टच्या पुढच्या ओळीत ती नवी प्रत उघडून प्राग्मा इंटिग्रिटी_चेक मारायचा आणि शेवटच्या नोंदीची तारीख छापायची, उत्तर "ओके" नसलं किंवा तारीख कालची निघाली तर मला मेल येतो.